सरड्याचे रंग, खेकड्याची नांगी आणि शेततळ्याचा कागद

वेल्हे (राजगड) तालुक्यातील एका गावी उन्हाळ्यात शेतकरी मेळावा होता. भाताच्या रोपवाटिकेवरील चर्चा संपल्यावर एका बागायतदारांनी वेगळाच प्रश्न विचारला. त्यांनी डोंगरउतारावर शेततळे खोदले होते आणि त्या पाण्यावर आंब्याची साठ कलमे जगवायची होती. ते म्हणाले, "सर, भोक पडले तर आपोआप बुजणारा आणि पाणी खराब झाले की रंग बदलणारा कागद आला आहे, असे एक विक्रेता सांगून गेला. किंमत दुप्पट आहे. उद्या इसार द्यायचा आहे. घ्यावा का?" त्या वेळी मला नेमके उत्तर देता आले नाही. चौकशी करून कळवतो, तोपर्यंत इसार देऊ नका, एवढेच सांगितले. त्या चौकशीतून हाती आलेली माहिती भोर, वेल्हे आणि इतरत्रच्या शेतकरी बंधू-भगिनींनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहे.

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रंग बदलणारे आणि स्वतःची दुरुस्ती करणारे पदार्थ खरोखरच तयार झाले आहेत. त्यातील काही महत्त्वाचे काम तर आपल्या पुणे शहरात झाले आहे. या पदार्थांची कल्पना शास्त्रज्ञांनी प्राण्यांकडून घेतली. म्हणून आधी प्राणी हे कसे साधतात ते पाहू.

सरडा रंग कसा बदलतो?

कुंपणावर दिसणारा नेहमीचा सरडा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. विणीच्या हंगामात नराचे डोके व गळा लालभडक होतो. मादीला आकर्षित करणे आणि दुसऱ्या नराला धाक दाखविणे हा त्याचा हेतू असतो. रंग बदलण्यात खरा तरबेज म्हणजे शॅमेलिऑन, ज्यास मराठीत सरडगुहिरा म्हणतात. तो ज्या फांदीवर बसतो तिच्यासारखा रंग घेतो असा समज आहे. प्रत्यक्षात त्याचा रंग मुख्यतः राग, भीती, जोडीदाराची चाहूल आणि ऊन-थंडी यांप्रमाणे बदलतो.

हे कसे घडते याचा उलगडा स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये केला. शॅमेलिऑनच्या कातडीतील काही पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने मांडलेले असतात. खाचरातील पाण्यावर डिझेलचा थेंब पडला की त्यात निळे, हिरवे, तांबडे रंग दिसतात. डिझेल स्वतः तशा रंगाचे नसते. पातळ थरावरून प्रकाश परत फिरताना ते रंग उमटतात. स्फटिकांचेही तसेच आहे. सरडा शांत असतो तेव्हा स्फटिक जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परत येतो. त्यावर कातडीतील पिवळा रंग मिसळला की सरडा हिरवा दिसतो. तो चवताळला की स्फटिकांमधील अंतर वाढते आणि पिवळा, नारिंगी, तांबडा प्रकाश परत येतो. म्हणजे येथे नवा रंग तयार होत नाही, फक्त अंतर बदलते.

कोकणच्या बाजारात मिळणाऱ्या माकुलाची रीत वेगळी आहे. त्याच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. भोवतीचे स्नायू आखडले की पिशवी ताणून पसरते आणि रंग दिसू लागतो. स्नायू सैल पडले की पिशवी ठिपक्याएवढी होते. हा बदल एका सेकंदाच्या आत होतो.

दोन्ही प्राण्यांत एक गोष्ट समान आहे. कारण संपले की रंग मूळपदावर येतो. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा उपयोग आहे.

नांगी पुन्हा कशी येते?

पहिल्या पावसात बांधावर खेकडे पकडताना एखाद्याची एक नांगी मोठी आणि दुसरी लहान दिसते. शत्रूच्या तावडीत सापडलेला खेकडा आपली नांगी किंवा पाय ठरावीक सांध्यातून तोडून देतो. त्या जागी कोंब येतो. पुढच्या वेळी कात टाकली की लहान नांगी बाहेर येते, आणि आणखी काही वेळा कात टाकल्यावर ती पुरती वाढते. पालीची तुटलेली शेपटीही पुन्हा येते, पण नव्या शेपटीत मूळ मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते. म्हणजे दुरुस्ती होते, पण माल अगदी पहिल्यासारखा नसतो.

ही दुरुस्ती कशाच्या बळावर होते? खाल्लेल्या अन्नाच्या बळावर. जिवंत प्राणी रोज नवा माल शरीरात आणतो आणि रक्तावाटे जखमेपर्यंत पोहोचवतो. प्लास्टिकचा कागद काही खात नाही. त्याच्यात आपण जेवढे भरले असेल तेवढेच त्याच्यापाशी असते. हा फरक या लेखाचा गाभा आहे.

तिसरे उदाहरण समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांचे. कोकणात त्यांना शिणाणे म्हणतात. ते बारीक धाग्यांनी खडक धरून ठेवतात. या धाग्यांच्या आवरणात लोहाच्या कणांनी जोडलेले बंध असतात. लाटेचा तडाखा बसला की ते आधी सुटतात आणि ताण गेला की पुन्हा जुळतात. येथे नवा माल लागत नाही. सुटलेले टोकच परत धरले जाते.

पदार्थांना हे कसे शिकविले?

प्राण्यांच्या या रीतींवरून दुरुस्तीचे दोन मार्ग निघाले.

१) साठ्यातून दुरुस्ती : अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २००१ मध्ये एका कठीण प्लास्टिकमध्ये द्रव भरलेल्या सूक्ष्म कुप्या मिसळण्यात आल्या. तडा गेला की वाटेतील कुप्या फुटतात, द्रव तड्यात उतरतो आणि घट्ट होतो. अशा रीतीने मूळ चिवटपणा ७५ टक्क्यांपर्यंत परत मिळाला. मात्र कुपी एकदा फुटली की संपली. त्याच जागी दुसऱ्यांदा तडा गेल्यास भरायला काही उरत नाही.

२) बंध पुन्हा जुळवून दुरुस्ती : शिणाण्याच्या धाग्याप्रमाणे सुटणारे व जुळणारे बंध पदार्थातच ठेवले जातात. २००९ मध्ये सदर्न मिसिसिपी विद्यापीठात खेकडा-कोळंबीच्या कवचापासून मिळणारे कायटोसान वापरून एक लेप तयार करण्यात आला. त्यावर ओरखडा पडला आणि अतिनील किरण मिळाले की तो तासाभरात भरून येतो. परंतु एकाच जागी पुन्हा पुन्हा ओरखडा काढल्यास त्याचीही ताकद संपते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात माकुलाच्या चूषकातील दातांच्या प्रथिनापासून असाच लेप झाला. तो लावलेल्या कापडाचे फाटलेले तुकडे पाण्यात जुळवून दाबले की सांधतात.

रंगाच्या बाबतीतही असेच काम झाले आहे. इलिनॉय विद्यापीठातच २०१६ मध्ये असा लेप दाखविण्यात आला की ज्यास तडा गेला की ती रेघ पिवळ्याची तांबडी होते. इजा कोठे झाली ते डोळ्यांना दिसते. हा रंग मात्र सरड्यासारखा परत जात नाही.

पुण्यातील जेल

पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजेच एनसीएल, १९५० मध्ये सुरू झाली. मूळचे गोव्यातील माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर १९८९ ते १९९५ या काळात तिचे संचालक होते. पाणी धरून फुगणाऱ्या जेलवर तेथे पुष्कळ संशोधन झाले. जेल म्हणजे पॉलिमरच्या लांब धाग्यांचे पाण्याने भरलेले जाळे होय. शायनी वर्गीस, आशिष लेले, माशेलकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक नवल प्रसिद्ध केले. विशिष्ट जेलचा तुकडा तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात ठेवला असता तो आपोआप आकार बदलून आतून पोकळ झाला. २००६ मध्ये त्यांनी पुढचा शोध मांडला. अशाच प्रकारचे जेल कापून, तुकडे जुळवून, धातूच्या क्षाराच्या द्रावणाच्या संपर्कात ठेवले की ते सांधते.

याचे कारण समजण्यास सोपे आहे. या जेलच्या धाग्यांना बाहेर लोंबणारी लहान शेपटे असतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी आम्लाचा गट असतो. तांब्याचा कण दोन शेपटांना एकत्र धरतो, जसे जू दोन बैलांना धरते. एक शेपूट या तुकड्याचे आणि दुसरे त्या तुकड्याचे असले की तुकडे जोडले जातात. २०१२ मध्ये वर्गीस यांनी अमेरिकेतील सॅन डिएगो येथील आपल्या सहकाऱ्यांसह दाखविले की शेपटांची लांबी नेमकी राखली तर आम्लयुक्त पाण्यात, तांब्याशिवायही, असे जेल काही सेकंदांत सांधते. शेपूट फार आखूड असेल तर समोर पोहोचत नाही आणि फार लांब असेल तर आपापसात गुंतते.

येथे दोन अटी दिसतात. तुकडे एकमेकांना टेकले पाहिजेत आणि योग्य द्रावण मिळाले पाहिजे. वाऱ्याने उघडा पडलेला, उन्हाने ताठ झालेला कागद यापैकी एकही अट पुरी करीत नाही.

आज शेतकऱ्याच्या हाती काय आहे?

अ) रंग बदलणारा सिलिका जेल : घरचे भाजीपाल्याचे बियाणे हवाबंद बरणीत ठेवताना सिलिका जेलची पुरचुंडी टाकावी. नारिंगी दाणे ओलावा शोषून हिरवे झाले की बरणीत दमटपणा आला असे समजावे. दाणे वेगळ्या, स्वयंपाकात न वापरल्या जाणाऱ्या भांड्यात मंद आचेवर तापवले की पुन्हा नारिंगी होतात. निळे, ओलाव्याने गुलाबी होणारे दाणे कोबाल्टयुक्त व आरोग्यास घातक असल्याने टाळावेत. कोणतेही दाणे बियाण्यात मोकळे मिसळू नयेत.

आ) लसीच्या कुपीवरील खूण : पोलिओ लसीच्या कुपीवर वर्तुळात एक चौकोन असतो. ही खूण १९९६ पासून वापरात आली. कुपीला उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो. तो वर्तुळाएवढा किंवा त्याहून गडद झाला तर लस वापरीत नाहीत. कुपी पुन्हा बर्फात ठेवली तरी चौकोन फिका होत नाही.

या दोन उदाहरणांतील फरक महत्त्वाचा आहे. परत येणारा रंग आत्ताची स्थिती सांगतो. परत न येणारा रंग आजवर काय घडले ते सांगतो. माल घेताना त्याचा रंग या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे विचारावे.

इ) पाणी धरणारे हायड्रोजेल : नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले पुसा हायड्रोजेल आपल्या वजनाच्या किमान ३५० पट शुद्ध पाणी धरते. शिफारस हेक्टरी २.५ ते ५ किलोची आहे. ते ओलाव्याप्रमाणे फुगते व आक्रसते, म्हणून त्यासही स्मार्ट पदार्थ म्हणता येईल. पण हिशेब करावा. कलमाच्या खड्ड्यात १० ग्रॅम घातले तर शुद्ध पाण्यातही ते सुमारे साडेतीन लिटर धरेल. मातीचा दाब आणि पाण्यातील क्षार यांमुळे प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणजे दोन पाण्यांतील अंतर थोडे वाढेल, पाणी देणे टळणार नाही.

हायड्रोजेल घेण्यापूर्वी घरी चाचणी करावी. तीन पेल्यांत अर्धा-अर्धा लिटर पाणी घ्यावे. पहिल्यात पावसाचे, दुसऱ्यात विहिरीचे आणि तिसऱ्यात विहिरीच्या पाण्यात चिमूटभर मोरचूद. प्रत्येकात १ ग्रॅम हायड्रोजेल टाकून रात्रभर ठेवावे. सकाळी फडक्यातून गाळून वजन करावे. दुसऱ्या पेल्यात ते कमी फुगलेले आणि तिसऱ्यात आक्रसून निळसर झालेले आढळेल. पुण्याच्या प्रयोगात ज्या तांब्याने तुकडे सांधले, तेच तांबे येथे जाळे आवळून पाणी बाहेर काढते. म्हणून हायड्रोजेल घातलेल्या खड्ड्यात बोर्डो मिश्रण किंवा मोरचुदाचे द्रावण ओतू नये. चाचणीचे मोरचूदयुक्त पाणी विहिरीत, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदात टाकू नये.

ई) फुगणारी माती : सोडियम बेंटोनाइट ही पाण्याने फुगणारी चिकणमाती आहे. आपल्या देशात ती कच्छ व राजस्थानातील बारमेर भागात सापडते. दोन जाड कापडांमध्ये ती भरून केलेली चटई तळ्याच्या अस्तरासाठी मिळते. तिला लहान भोक पडले तर भोवतालची माती फुगून ते बुजविते. आपोआप बुजण्याचा दावा येथे खरा आहे, परंतु चटई ओली राहिली पाहिजे व तिच्यावर मातीच्या थराचा दाब पाहिजे. चुनखडीच्या पाण्यात तिची फुगण्याची शक्ती घटते. भाताच्या खाचरात चिखलणी करून आपण हेच तत्त्व वापरतो. चिखल पाणी धरतो, पण वाळला की भेगा पडतात.

विकत घेण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१) दुरुस्तीसाठी लागणारा माल कोठून येतो? साठ्यातून की बंध जुळून?
२) एकाच जागी किती वेळा दुरुस्ती होते आणि किती मोठे भोक बुजते?
३) त्यासाठी पाणी, ऊन किंवा दाब लागतो काय? माझ्या तळ्यावर ते मिळेल काय?
४) रंग नेमका कशाने बदलतो, आणि तो परत येतो काय?
५) हे सर्व पावतीवर व हमीपत्रावर लिहून द्याल काय?

पाचव्या प्रश्नाला विक्रेत्याने टाळाटाळ केली तर पहिल्या चारांची उत्तरे ऐकण्याचीही गरज नाही.

त्या बागायतदारांना कळविलेले उत्तर

मी त्यांना पुढीलप्रमाणे कळविले. शेततळ्यासाठी वापरला जाणारा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद स्वतःचे भोक बुजवीत नाही. ताणलेल्या कागदाला भोक पडले की त्याच्या कडा एकमेकींपासून दूर जातात. कडा टेकल्याशिवाय बंध जुळत नाहीत. पाण्याची खराबी ही एक गोष्ट नाही. आम्ल-विम्लता, क्षार आणि शेवाळ या वेगवेगळ्या बाबी आहेत, त्या सर्व एकाच रंगाने कळणे शक्य नाही. पाणी तपासून घेणे हाच मार्ग आहे. सबब दुप्पट किंमत देऊ नये. त्याऐवजी पुढील गोष्टी कराव्यात.

कागद अंथरण्यापूर्वी तळ व बाजूंवरील टोकदार दगड, मुळ्या काढून मऊ मातीचा थर द्यावा. आपल्याकडील मुरमाड जमिनीत हे विशेष आवश्यक आहे. कागदाच्या कडा चरात गाडाव्यात. त्याच कागदाचा एक-दोन मीटर तुकडा सावलीत राखून ठेवावा, म्हणजे ठिगळ त्याच जातीचे मिळते. गळतीची शंका आल्यास पाण्याने भरलेली बादली तळ्यात काठाजवळ दगड ठेवून उभी करावी आणि आत-बाहेर पाण्याच्या पातळीची खूण करावी. दोन-तीन दिवसांनी दोन्हीकडे पाणी सारखेच उतरले असेल तर ते उन्हाने गेले आहे. तळ्यातील पाणी जास्त उतरले असेल तर गळती आहे. या बादलीला काही खर्च नाही आणि तिची खूण कोणासही वाचता येते.

शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. कागदाला बरीचशी भोके जनावरांच्या खुरांनी, कुत्र्यांच्या नखांनी आणि घुशींमुळे पडतात. तळ्याभोवती पक्के कुंपण घालावे. त्याने जनावरांचे व मुलांचे तळ्यात पडणेही टळते. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असे आपण म्हणतो. प्रयोगशाळेतील या नव्या पदार्थांची धाव आज तरी तेवढीच आहे. ते उद्या कुंपण ओलांडून शेतात येतीलही, आणि त्या दिवशी त्यांचे स्वागत करावे. तोपर्यंत इसार देण्यापूर्वी वरील पाच प्रश्न विचारावेत.